हस्ताचा पाऊस आणि गिरणगावची गाणी

श्रोतेहो, हस्ताचा पाऊस कसा असतो हे खेड्यातल्या माणसाला सांगायला नको. सप्टेंबर संपता संपता सूर्य हस्त नक्षत्रात येतो. दुपारपर्यंत कडक ऊन पडते आणि तिसऱ्या प्रहरी ढग गडगडू लागतात. तुम्ही आम्ही हा पाऊस बांधावरून पाहतो. पण लाखो मराठी माणसांनी तो मुंबईच्या चाळीच्या गॅलरीतून पाहिला, आणि पाहताना मनातला हिशेब मात्र शेताचाच केला. या माणसांनी शहरात आपले घर कसे मांडले आणि त्यातून कविता कशी आली, ते आज थोडे पाहू.

मुंबईतली पहिली कापडगिरणी कावसजी दावर यांनी १८५४ साली स्थापन केली आणि १८५६ पासून ती चालू झाली. पुढे परळ, लालबाग, वरळी, शिवडी या भागांत गिरण्यांची चिमणीला चिमणी लागली आणि त्या मुलखाला गिरणगाव हे नाव पडले. नावातच 'गाव' आहे, हे ध्यानात घ्या. कारण तिथे आलेला माणूस शहरात शिरला तरी गावातून पुरता निघाला नव्हता. बरेच जण बायकामुलांना गावी ठेवून एकटे येत. एका गावचे दहा-पंधरा जण मिळून एक खोली घेत. १९२० नंतर सरकारने वरळी, नायगाव, शिवडी आणि डिलाइल रोड येथे बी.डी.डी. चाळी बांधल्या, तिथली खोली साधारण १६० चौरस फुटांची. प्रत्येकाची एक ट्रंक आणि एक वळकटी. दिवसपाळीवाला कामावर गेला की त्याच्या जागी रातपाळीवाला आडवा व्हायचा.

आता गंमत पाहा. त्या चाळीत कोकणातला माणूस असे आणि शेजारच्या खोलीत साताऱ्याकडचा घाटावरचा. हस्ताचा पाऊस कोसळू लागला की कोकणी माणसाच्या जिवात जीव नसे. तिकडे हळवे भात कापणीला आलेले, ते आडवे झाले तर दाणा चिखलात जायचा. घाटावरच्याला मात्र बरे वाटे. शाळवाच्या पेरणीला ओल मिळाली म्हणून. पाऊस पडत होता परळला, पण भिजत होती दोन निरनिराळी शिवारे! आणि दोघांनाही रजा नव्हती. कोकणातल्याची रजा तर भाद्रपदात गणपतीलाच संपलेली असायची. मग उरे ती मनीऑर्डर. तिच्या कूपनावर चार ओळींपुरती जागा असे, तेवढ्यात पैसे, पीक आणि माया असे सगळे बसवायचे.

जे कूपनावर मावत नसे ते गाण्यात येई. पाळी सुटल्यावर खोलीत मृदंग निघे, टाळ निघत आणि भजनाला बारी बसे. कोकणातल्या मंडळींनी शक्ती-तुऱ्याचे सामने शहरात आणले. ज्यांची कुटुंबे मुंबईत होती, त्यांच्या लेकी चाळीच्या मोकळ्या जागेत हत्ती मांडून हादग्याचा फेर धरीत. गाव सोडलेल्या माणसांनी गावचे पंचांग सोडले नाही. मला वाटते, भिंतींपेक्षा या पंचांगानेच त्यांचे घर उभे केले.

या वस्तीतून मोठे शाहीर निघाले. सांगलीकडच्या वाटेगावात १९२० साली जन्मलेले अण्णा भाऊ साठे लहानपणी वडिलांबरोबर पायी मुंबईला आले आणि गिरणीतही राबले. त्यांची 'माझी मैना गावावर राहिली' ही छक्कड म्हणजे पोटासाठी मुंबईस आलेल्या पुरुषाचा विरह. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात या विरहाला सीमाभागाच्या वियोगाची जोड मिळाली आणि एका खोलीतले दुःख साऱ्या महाराष्ट्राचे झाले.

पण ज्याला परत जायला गावच नाही, त्याने काय करावे? नारायण सुर्वे यांची कथा अशी आहे. १९२६ साली मुंबईच्या रस्त्यावर टाकलेले हे मूल गंगाराम सुर्वे या गिरणी कामगाराने उचलून घरी आणले. पुढे काम सुटल्यावर आईबाप कोकणात परतले आणि पोर मुंबईतच एकटे राहिले. त्याने मिळेल ते काम केले. शाळेत शिपाई झाला, पुढे शिक्षक झाला. त्यांचा 'ऐसा गा मी ब्रह्म' हा संग्रह १९६२ साली आणि 'माझे विद्यापीठ' १९६६ साली निघाला. अण्णा भाऊंच्या छक्कडीत घर गावाकडे आहे. सुर्व्यांच्या कवितेत फुटपाथ, चाळ, गिरणीचा भोंगा हेच घर आहे. एका पिढीने आठवणीतले गाव शहरात आणले, आणि पुढच्या पिढीने शहरालाच माय म्हटले.

१८ जानेवारी १९८२ रोजी गिरणी कामगारांचा मोठा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले. त्यानंतर पुष्कळांचे काम कायमचे गेले. कित्येक जण ट्रंक उचलून गावी परतले. गिरण्यांच्या जागी आता टोलेजंग इमारती उभ्या आहेत.

शिक्षक बंधुभगिनींना म्हणून एक विनंती आहे. तुमच्या गावात गिरणीतून परतलेले एखादे आजोबा असतील. त्यांच्याकडे भजनाची जुनी वही असेल, नाहीतर बाऱ्या तोंडपाठ असतील. या हस्तात पाऊस लागला आणि शेतातली कामे अडली, की दोन मुलांना वही घेऊन त्यांच्याकडे पाठवा. जे सांगतील ते सांगतील तसे लिहून घ्या. छापील पुस्तकात न आलेला मुंबईचा इतिहास तुमच्याच गावात, पडवीत बसलेला असेल.