हलू नको, आलं!

1988 च्या जानेवारीतला रविवार, सकाळचे सव्वानऊ. तुम्ही देवगाव फाट्यावर एसटीतून उतरलात. लगेच रस्ता ओलांडू नका. मंठ्याकडून कापसानं फुगलेली ट्रॅक्टर-ट्रॉली धडधडत येतेय, तिला सेलूकडं वळायचंय. हॉटेलावर चहा उकळून उकळून काळा पडलाय आणि हॉटेलवाला गायब. साडेनवाला ‘रामायण’ लागणार, तो कशाला थांबतोय!

मागच्या घरात शिरा. शिरा म्हणजे अक्षरशः घुसा. बाहेर हुडहुडी, आत साठ-सत्तर माणसांची ऊब. खोबरेल, विडी, ओल्या लुगड्यांचा वास, त्यात उदबत्ती, कारण टीव्हीला हार घातलाय. वीज सकाळीच गेली, म्हणून ट्रॅक्टरची बॅटरी काढून आणलीय. मांडी घाला. कुणाचा तरी गुडघा पाठीत रुतेल, रुतू द्या.

जाहिराती सुरू झाल्या, आणि चित्र पळू लागलं. निर्माच्या जाहिरातीतली फ्रॉकवाली पोरगी खालून वर सरकतेय. पाय वर, डोकं खाली, मधे काळा पट्टा. टीव्हीवाले काका मागं हात घालून बारीक खुंटी पिळतात. पोरगी थांबली, पण आता तिरक्या रेघांत वाटली गेली. मग भूत आलं. एक लहर सरळ अँटेनात, दुसरी कशावर तरी आपटून उशिरा पोचते, म्हणून विकोची एकच ट्यूब शेजारी-शेजारी दोनदा दिसते.

“उलीसं जिंतूरकडं फिरव रे!” काका ओरडतात. माळवदावरून पोराचा आवाज: “आलं का?”
“मुंग्या!”
“आता?”
“हलू नको, आलं! ...गेलं.”

घाई कुणालाच नाही, हे बघून घ्या. दूरदर्शन जाहिरातींचा गठ्ठा मालिकेच्या आधीच सोडतं, तेवढीच दुरुस्तीची मुदत. साबण-पावडरीवर अँटेना जुळवायची, म्हणजे राम येईपर्यंत पडदा स्वच्छ. कंपन्यांनी पैसे मोजले ते माल खपवायला. फाट्यावर ते खर्ची पडतात अँटेना लावायला. बरंच झालं म्हणा.

गंमत अशी, की पडद्यावर नुसत्या मुंग्या असल्या तरी आवाज ठणठणीत असतो. चित्र आणि आवाज वेगवेगळ्या पद्धतीनं लहरींवर चढवलेले असतात. अशक्त सिग्नलवर आधी चित्र मान टाकतं. त्यामुळं पावडरीच्या डब्याचा रंग इथं कुणाला ठाऊक नाही (पडदाही काळा-पांढराच), पण गाणी बारक्या पोरांनाही पाठ. तुमच्या मांडीवर येऊन बसलेलं पोर आत्ताच गातंय.

अचानक सगळं थांबतं. ‘रुकावट के लिए खेद है.’ पाटी कशी लख्ख, एक मुंगी नाही! म्हणजे घोटाळा इथला नाही, दूरदर्शनकडचा. पण हे माळवदावर कळवायचं कुणाला सुचत नाही. पोरगं बिचारं अँटेना फिरवतच राहतं, आणि जुळलेली दिशा बिघडवून ठेवतं. पुन्हा आरडाओरडा, पुन्हा जिंतूर, पुन्हा मंठा.

शेवटी शंख वाजतो. म्हाताऱ्या हात जोडतात, खोली चिडीचूप होते. पोराला मात्र खाली बोलावू नका. त्यानं दांडा सोडला की चित्र जातं. फारच वाईट वाटत असेल, तर पुढच्या रविवारी तुम्ही चढा.