येळवशीची आंबील आणि मरीआईचा गाडा

मांजरा, तेरणा, मन्याड आणि गोदावरी या नद्यांच्या काठांनी पसरलेल्या काळ्या रानात, म्हणजे आजच्या लातूर जिल्ह्यात आणि त्याला लागून असलेल्या नांदेडच्या कंधार-लोह्याकडील मुलखात, मार्गशीर्षातल्या अमावास्येला गावेच्या गावे ओस पडतात. आणि ती पडतात ती कोणत्या संकटामुळे नव्हे, तर गावातला लहानथोर प्रत्येक जण त्या दिवशी स्वतःच्या नाही तर सोयऱ्याधायऱ्याच्या शेतावर जेवायला गेलेला असतो म्हणून. पंचांगात या तिथीला वेळा अमावास्या म्हणत असले तरी गावकऱ्यांच्या तोंडी ती येळवसच. ज्वारी पोटरीत आलेली असते, तुरीच्या शेंगा भरलेल्या असतात, हरभऱ्याला घाटे धरू लागलेले असतात; अशा वेळी शेतात कडब्याची कोप उभारून, आत पाच दगड पांडव म्हणून चुन्याने रंगवून मांडतात, भूमीची लक्ष्मी म्हणून पूजा करतात, आणि मग भज्जी, बाजरीचे उंडे, खीर यांची पंगत बसते. वाटेने जाणारा परका माणूसही त्या पंगतीला बोलावला जातो, आणि ज्याला गुंठाभर जमीन नाही त्यालाही त्या दिवशी चार शेतांची आमंत्रणे असतात. या सगळ्या थाटात मानाचे स्थान मात्र एका मातीच्या मडक्याला असते. ते मडके आंबिलीचे.

आंबील करण्याची रीत घरागणिक थोडी बदलते, परंतु तिचा गाभा एकच आहे. ज्वारीचे पीठ आदल्या दिवशी आंबट ताकात कालवून मडक्यात मुरत ठेवतात, आणि थंडीचे दिवस असल्याने ते मडके चुलीच्या उबेला सरकवतात. दुसऱ्या दिवशी पाण्याला आधण आले की ते आंबलेले पीठ त्यात सोडून घाटायला घेतात. पळी क्षणभर थांबली तर गुठळ्या होतात, म्हणून हे काम घरातील जाणत्या बाईकडे असते. शिजून गार झाले की त्यात पुन्हा ताक घालून ते सैल करतात; ठेचलेला लसूण, हिरवी मिरची, जिरे, कोथिंबीर आणि मीठ पडते, आणि मडक्याचे तोंड फडक्याने बांधून ते रात्रभर तसेच राहते. सकाळी फडके सोडताच जो आंबूस वास येतो त्यावरून आंबील साधली की बिघडली हे ती जाणती बाई चव न घेताही सांगते.

त्या मडक्यात रात्रभर जे घडते त्याचे ज्ञान मनुष्यजातीला एकोणिसाव्या शतकापर्यंत नव्हते. ताकातून आलेले दुग्धाम्ल निर्माण करणारे जंतू पिठातील शर्करेवर उपजीविका करतात आणि आम्ल बाहेर टाकतात. मिश्रणाचा सामू साडेचारच्या खाली उतरला की अतिसार व हगवण घडवून आणणाऱ्या बहुतेक जंतूंची वाढ तेथे खुंटते. शिजवताना पहिली पिढी मरते हे खरे. तथापि गार झाल्यावर पुन्हा ताक घालण्याची जी रीत आहे तिच्यामुळे जिवंत जंतूंची दुसरी पिढी त्या मडक्यात नांदू लागते. ज्वारीच्या कोंड्यातील फायटिक आम्ल लोह व जस्त यांना धरून ठेवते आणि शरीराला ते मिळू देत नाही. आंबवण्याच्या क्रियेत या आम्लाचा बराच अंश मोडून पडतो. उन्हातान्हात राबणाऱ्या आणि वर्षाचे बाराही महिने ज्वारीवर गुजराण करणाऱ्या रयतेसाठी ही लहान गोष्ट नव्हती.

मनुष्याच्या देहात त्याच्या स्वतःच्या पेशी जितक्या, सुमारे तितकेच जंतू वास करतात, आणि त्यांतील बहुसंख्य मोठ्या आतड्यात असतात. जन्माच्या वेळी आईकडून पहिली वस्ती मिळते. आईच्या दुधात काही शर्करा अशा असतात की ज्या बाळाला पचत नाहीत, त्या मुख्यतः त्याच्या आतड्यातील बिफिडो जंतूंचे अन्न होतात. पुढे ज्वारी, तूर, हरभरा यांतील जो चोथा आपल्याला पचवता येत नाही तो हे जंतू पचवतात आणि त्यापासून ब्युटिरिक आम्ल बनवतात, जे आतड्याच्या अस्तरातील पेशींचे मुख्य अन्न होय. पुण्याच्या नॅशनल सेंटर फॉर सेल सायन्स या संस्थेत डॉ. योगेश शौचे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भारतीयांच्या आतड्यातील जंतूंचा अभ्यास केला, तेव्हा प्रिव्होटेला या गटाचे प्राबल्य आढळले. धान्य आणि कडधान्य भरपूर खाणाऱ्या लोकांत हा गट विपुल असतो. या वस्तीचा आणखी एक उपयोग आहे. ज्या वावरात पीक दाट उभे आहे तेथे तणाला पाय रोवायला जागा मिळत नाही, तसेच आतड्यातील जुने रहिवासी अन्न आणि जागा अडवून बसल्यामुळे बाहेरून आलेल्या रोगजंतूला बस्तान मांडणे कठीण जाते. प्रतिजैविक औषधांचा मारा करून ही वस्ती उठवली की क्लॉस्ट्रिडियम डिफिसिलसारखा एरवी दबून राहणारा जंतू डोके वर काढतो आणि जीवघेणा अतिसार घडवतो, हे आता सर्वमान्य आहे. चरकसंहितेने ग्रहणी आणि अर्श या व्याधींवर ताकाचा उपचार मोठ्या आदराने सांगितला, त्यामागे जंतूंचे ज्ञान नव्हते, पण निरीक्षण निश्चित होते.

इथवर वाचून कोणी असे समजेल की ज्या मुलखात घरोघर आंबील मुरत होती तेथील माणसांची आतडी निर्धास्त असतील. इतिहास याच्या नेमका उलट आहे.

इ.स. १८१७ मध्ये बंगालमधील जेसोरकडे पटकीची, म्हणजे कॉलऱ्याची, भयंकर साथ उठली. त्याच वर्षी नोव्हेंबरात ती पेंढाऱ्यांवर निघालेल्या गव्हर्नर-जनरल हेस्टिंग्जच्या छावणीत शिरली, आणि फौजांच्या, बाजारबुणग्यांच्या व बैलांच्या तांड्यांबरोबर १८१८ मध्ये नागपूरमार्गे दख्खनमध्ये उतरून ऑगस्टपर्यंत मुंबईस पोहोचली. त्यानंतर शंभराहून अधिक वर्षे निजामाच्या मराठवाड्याने पटकीला जणू ऋतूसारखे ओळखले. १८७६ ते १८७८ चा दुष्काळ, १८९९-१९०० चा छप्पन्नचा दुष्काळ; पाणवठे आटले की माणसे उरलेल्या एका डबक्यावर गर्दी करीत, आणि उपासमारीच्या मागोमाग पटकी येई. साथीची खबर पोलीस पाटलाने तहसिलीला कळवावी, तहसीलदाराने अव्वल तालुकदाराला, आणि तिकडून हुकूम येईपर्यंत गावात रोज चिता पेटावी, असा तो क्रम होता.

गावाचा स्वतःचा बंदोबस्त मरीआईचा होता. गावकुसाबाहेर तिचे ठाणे. शेंदूर फासलेला दगड, कडुनिंबाची फांदी, आणि सेवेला पोतराज, ज्याचे काम बहुधा मातंग समाजाच्या वाट्याला आले. साथ हटेना म्हणजे गाव वर्गणी काढून सुताराकडून एक छोटा लाकडी गाडा करवून घेई. त्यात देवीची मूर्ती, हिरवी चोळी, बांगड्या, लिंबू आणि दहीभाताचा नैवेद्य ठेवून, हलगीच्या गजरात तो गाडा गावाच्या शिवेपर्यंत ओढीत नेत आणि शेजारच्या गावाच्या हद्दीत सोडून देत. शेजारच्या गावाला सकाळी तो दिसला की धडकी भरे, आणि तेही रातोरात तो पुढच्या शिवेत ढकलून मोकळे होत. या प्रथेला केवळ अडाणीपणा म्हणून बाजूला सारणे मला योग्य वाटत नाही. रोग एका गावाहून दुसऱ्या गावाला प्रवास करतो, तो कोणीतरी वाहून नेतो, आणि त्याला शिवेवर अडवता येईल, ही तीन अनुमाने त्या लोकांनी बरोबर काढली होती. वाहून नेणारे काय, एवढेच त्यांना कळले नव्हते. गाडा ओढणारी माणसे वाटेत ज्या ओढ्याचे पाणी पीत, त्याच ओढ्यात रोग होता.

पाण्याचा हा विषय मराठवाड्यात जातीच्या विषयापासून वेगळा काढता येत नाही. गावची चांगली विहीर एका वर्गाची. ज्यांना तिच्यावर पाय ठेवण्याची मनाई होती त्यांनी ओढ्यात झरा खणून, नाही तर कोणी ओंजळीत ओतील तेव्हा पाणी प्यावे. पटकी आली की प्रथम कोणाचा बळी जाणार हे त्या मनाईनेच ठरवून ठेवलेले असे. पायऱ्यांच्या बारवांत पाय बुडवून पाणी भरण्याच्या सवयीने नारूही पसरला. त्याचा भारतातील शेवटचा रुग्ण १९९६ मध्ये सापडला आणि २००० मध्ये देश नारूमुक्त ठरला.

त्यात आगगाडी आली. नांदेडला ती १९०० च्या सुमारास हैदराबाद-मनमाड मार्गाने पोहोचली, आणि लातूरला १९११ मध्ये बार्शी लाइट रेल्वेच्या चिमुकल्या रुळांवरून. याच बार्शी लाइटने लातूरचा वारकरी पंढरपूरला नेला. चंद्रभागेच्या वाळवंटात लाखोंच्या गर्दीत पटकी दबा धरून बसलेली असे, आणि परतीच्या डब्यातून ती गावोगाव येई. पूर्वी पायी परतणारा आजारी वारकरी वाटेतच पडत असे. आता तो दुसऱ्या दिवशी घरी पोहोचू लागला, रोगासह.

रोगाचे कारण तोवर शोधले गेले होते. रॉबर्ट कॉखने १८८४ मध्ये कलकत्त्यात पटकीचा जंतू रुग्णांच्या आतड्यात आणि एका तलावाच्या पाण्यात दाखवून दिला. हाफकिनने १८९३ पासून भारतात त्यावरची लस टोचण्यास आरंभ केला. पण आपल्या विषयाला जवळची गोष्ट पॅरिसमध्ये घडली. एली मेचनिकॉफ आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १८९२ च्या सुमारास पटकीच्या जंतूंचे पाणी स्वतः पिऊन पाहिले. एकाला काही झाले नाही, दुसरा मरणाच्या दारातून परतला. मेचनिकॉफने तर्क केला की प्रत्येकाच्या आतड्यातील जुने जंतू वेगळे असतात, आणि त्यांतील काही पटकीला साथ देतात तर काही तिला अडवतात. याच विचारातून पुढे त्याने आंबट दुधाचा पुरस्कार केला, आणि १९०७ च्या त्याच्या ग्रंथापासून दह्याला युरोपात आरोग्याचे अन्न म्हणून मान मिळाला. त्याच्या तर्काला पुरावा मिळण्यास शंभराहून अधिक वर्षे लागली; बांगलादेशातील पटकीच्या रुग्णांवरील २०१४ च्या संशोधनात रोगातून उठताना आतड्यात परतणारे काही जंतू पटकीच्या जंतूला आवर घालतात असे दिसून आले.

मग आंबिलीने पटकी का थांबवली नाही? पटकीचा जंतू आम्लाला फार नाजूक आहे; निरोगी जठरातील आम्ल त्याला बहुधा मारून टाकते, आणि म्हणून रोग व्हायला तो मोठ्या संख्येने पोटात जावा लागतो. पण दुष्काळातले डबके ती संख्या सहज पुरवते, आणि उपाशी, अशक्त माणसाचे आम्लही क्षीण झालेले असते. शिवाय दुष्काळात ज्वारी नसते, गाय आटलेली असते, आणि आंबील ज्या दोन वस्तूंची होते त्या दोन्ही घरातून नाहीशा झालेल्या असतात. आज काही मंडळी आंबिलीला पूर्वजांनी शोधलेले रोगप्रतिबंधक औषध म्हणून गौरवतात. त्यांना मी आदरपूर्वक सांगेन की ज्या घरांत आंबील मुरत होती त्याच घरांतून मरीआईच्या गाड्याची वर्गणी दिली जात होती. आंबील हे उत्तम अन्न आहे, उन्हाळ्याच्या प्रवासात साध्या पाण्यापेक्षा अधिक सुरक्षित पेय आहे, आणि आतड्यातील वस्तीचा प्रतिपाळ करणारी ज्वारी तीत आहे. एवढे मोठेपण तिला पुरेसे आहे.

पटकीचे मरण थांबवले ते अन्य गोष्टींनी. शंभुनाथ डे यांनी १९५९ मध्ये कलकत्त्यात दाखवले की जंतू आतडे फाडीत नाही, त्याचे विष आतड्यातून पाणी बाहेर ओतवते; म्हणजे गेलेले पाणी व क्षार परत दिले की माणूस वाचतो. १९७१ मध्ये बनगावच्या निर्वासित छावणीत दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचे पाणी पाजून मृत्यूचे प्रमाण सुमारे तीस टक्क्यांवरून चार टक्क्यांच्या खाली आणले. ते पाणी पुढे गावोगाव पाकिटातून पोहोचले, हातपंप आले, नळ आले, आणि मरीआईचे गाडे थांबले.

त्याच अर्धशतकात आंबिलीचीही स्थिती पालटली. मोहोळला निवडलेली मालदांडी आणि परभणीच्या कृषी विद्यापीठाची परभणी मोती या ज्वाऱ्या अजून पेरल्या जातात, परंतु लातूरची बाजारपेठ आता सोयाबीनची आहे, आणि अनेक घरांत येळवशीपुरतेच पीठ दळून आणतात. पाण्याची चिंता मात्र कायम राहिली. २०१६ च्या उन्हाळ्यात मांजरा धरण कोरडे पडले, लातुरात पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदी लावावी लागली, आणि १२ एप्रिलला मिरजेहून पाच लाख लिटर पाणी घेऊन पहिली पाणीगाडी लातूरच्या स्थानकात शिरली. ज्या बाजूने एकेकाळी पंढरपूरची पटकी येत होती, त्याच बाजूने.

निलंगा, औसा, अहमदपूर, कंधार येथील वाचकांना माझी विनंती आहे की घरातील सत्तरी ओलांडलेल्या आजी अजून हिंडत्या-फिरत्या आहेत तोवर त्यांची आंबिलीची रीत, कोणती ज्वारी, किती दिवस मुरवण, कोणते विरजण, हे वहीत टिपून ठेवावे; आणि येळवशीच्या सकाळी शेतावर न्यायचे पिण्याचे पाणी आदल्या रात्री उकळून घ्यावे.