गुडघ्यामागील धमनी

फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष सादी कार्नो यांच्यावर १८९४ साली लियाँ शहरी सुऱ्याचा वार झाला. यकृताकडे रक्त नेणारी मोठी नीला तुटली होती. ती सांधण्याची विद्या तेव्हा शल्यवैद्यांपाशी नव्हती, आणि कार्नो गेले. त्याच शहरातील अलेक्सिस कॅरेल या तरुण वैद्याने भरतकाम करणाऱ्या एका स्त्रीकडून बारीक सुईदोऱ्याचे कसब शिकून घेतले व १९०२ साली रक्तवाहिनी शिवण्याची रीत प्रसिद्ध केली. १९१२ साली त्यास नोबेल पारितोषिक लाभले.

परंतु हिमोफिलियाच्या रुग्णास नुसता टाका पुरत नाही. रक्त गोठविणारा एक घटक त्याच्या ठायी जन्मतःच उणा असतो. वारंवारच्या रक्तस्रावाने गुडघा झिजतो, आखडतो. आणि असा सांधा बदलताना त्यामागील धमनीस क्वचित इजा होते. १९६४ साली ज्यूडिथ पूल यांनी गोठविलेला रक्तद्रव थंडीतच सावकाश वितळवून आठवा घटक वेगळा काढण्याची सोपी रीत दाखविली, तेव्हा या रुग्णांसाठी मोठ्या शस्त्रक्रियेची वाट मोकळी होऊ लागली.

खरा पेच आजही तोच आहे. शिवलेल्या धमनीत रक्त गोठता कामा नये, आणि जखमेतून ते वाहताही कामा नये. म्हणून घटकाची पातळी मोजीत तो पुरवावा लागतो आणि पावलाची नाडी पुनःपुन्हा पाहावी लागते. पाऊल गार पडल्यावर केलेला विलंब पायावर बेततो.

स्वतः हिमोफिलियाग्रस्त असलेल्या अशोक बहादूर वर्मा यांनी १९८३ साली भारतात हिमोफिलिया फेडरेशन स्थापिले. इंदूरच्या अन्नपूर्णा भागातील असो वा मुंबईतील, रुग्णाने शस्त्रक्रियेआधीच दोन प्रश्न विचारावेत: घटकाचा साठा पुरेसा आहे काय, आणि रक्तवाहिन्यांचा शल्यवैद्य हाताशी आहे काय?