विमानांच्या छपराखाली रेल्वेचे डबे

सोलापूर शहरात जन्मलेल्या वालचंद हिराचंद यांनी डिसेंबर 1940 मध्ये बंगळूरला हिंदुस्थान एअरक्राफ्ट कंपनी काढली. 1941 मध्ये तिथे जोडलेले पहिले विमान उडाले. जपान ब्रह्मदेशात शिरला तसे चित्र पालटले. 1942 मध्ये सरकारने वालचंदांचा हिस्सा विकत घेतला आणि 1943 पासून त्याच छपरांखाली अमेरिकी हवाई दलाची विमाने दुरुस्त होऊ लागली.

युद्ध संपले, दुरुस्तीचे काम आटले. मग शिकलेल्या कारागिरांचे काय? आम्हांला हाच प्रश्न महत्त्वाचा वाटतो. उत्तर मिळाले ते रेल्वेचे डबे आणि बसगाड्यांचे सांगाडे! विचित्र वाटेल, पण मधे खांब नसलेली रुंद शेड, पत्रा कापणे, वाकवणे, रिव्हेट ठोकणे हे विमानाला लागते तसेच डब्यालाही. सवयीचा हात असा चालू राहिला. ऑगस्ट 1951 मध्ये तिथूनच एचटी-2 हे देशी प्रशिक्षण विमान उडाले. त्याचे रचनाकार डॉ. विष्णू माधव घाटगे, गटिंगेनला प्रांटल यांचे विद्यार्थी.

डब्यांचे काम 1965 मध्ये भारत अर्थ मूव्हर्सकडे गेले. मुंबईच्या 2अ आणि 7 या मेट्रो मार्गांवरचे डबे याच कंपनीचे आहेत.