भाता: जुनी बेलोज आणि नवे कॅमेरे

लोहाराकडे असतो तो भाता, पेटीच्या मागे असतो तोही भाता. आज तिसऱ्या भात्याबद्दल बोलायचंय. कॅमेरा आणि लेन्स यांच्यामध्ये बसणारा, घडीघडीचा, काळा. इंग्रजीत बेलोज.

यात काच नाही, इलेक्ट्रॉनिक्स नाही. आत फक्त अंधार आणि हवा. लेन्स कॅमेऱ्यापासून लांब नेली की जवळची वस्तू मोठी टिपता येते, एवढंच याचं काम. हिशोबही सोपा आहे. ५० मिमीची लेन्स अनंतावर फोकस केली आणि ५० मिमी पुढे सरकवली, की वस्तू सेन्सरवर तिच्या खऱ्या आकाराएवढी उमटते. १०० मिमी सरकवली की दुप्पट. मुंगी घ्या, नाण्यावरचं अक्षर घ्या, काहीही.

मग हा भाता मागे का पडला आणि आज लोक जुन्या बाजारातून तो शोधून का आणतात? माझं मत आधीच सांगून टाकतो. त्याच्याभोवती जी हुशारी बांधली होती ती सगळी कालबाह्य झाली. पोकळी मात्र कालबाह्य होत नाही.

थोडं मागे जाऊ. घडीचा भाता मोठ्या लाकडी कॅमेऱ्यांना एकोणिसाव्या शतकापासूनच होता. ३५ मिमी फिल्मच्या छोट्या कॅमेऱ्यावर तो लावायचा, तर लेन्समधून जे दिसतं तेच डोळ्याला दिसायला हवं. रेंजफाइंडर कॅमेऱ्यात आपण शेजारच्या खिडकीतून बघतो. फूल एका जागी आणि चौकट दुसऱ्या जागी, असा प्रकार. १९३६ मध्ये जर्मनीत ड्रेस्डेनच्या इहागे कंपनीने किने एक्झाक्टा काढला. ३५ मिमीचा, आरसा असलेला रिफ्लेक्स कॅमेरा. भात्याला हवा होता तो जोडीदार हाच. लायकावाल्यांनी आपल्या रेंजफाइंडरच्या पुढे आरशाची वेगळी पेटी जोडायची सोय केली, व्हिझोफ्लेक्स नावाची. मला ती नेहमी स्कूटरला साइडकार लावल्यासारखी वाटते, पण चालायची.

दिसायला लागलं, तरी त्रास संपला नव्हता. लेन्स लांब गेली की प्रकाश पसरतो आणि क्षीण होतो. एकास एक आकाराला चौपट एक्स्पोजर लागतं, दुप्पट आकाराला नऊपट. प्रकाश लेन्समधूनच मोजणारे कॅमेरे १९६३-६४ च्या सुमारास आले, टॉपकॉन आणि पेंटॅक्सचे. तोपर्यंत हा गुणाकार कागदावर करावा लागायचा.

दुसरा त्रास ॲपर्चरचा. लेन्स उघडी असली तरच फोकस करण्याइतका उजेड मिळतो, आणि फोटो घेताना ती मिटायला हवी. एरवी कॅमेऱ्यातली दांडी हे काम करते. मध्ये भाता आला की ती दांडी लेन्सपर्यंत पोहोचत नाही. त्यावर उपाय निघाला दुहेरी केबल रिलीझचा. एकाच दट्ट्यातून दोन केबल निघतात, एक लेन्सला जाते, एक शटरच्या बटणाला. दट्टा दाबला की आधी ॲपर्चर मिटतं, मग शटर उडतं. मला हे यंत्र फार आवडतं. दोन बैलांना एकच कासरा.

पण याच काळात मॅक्रो लेन्स आल्या. १९५५ मध्ये हाइन्झ किलफिट यांची माक्रो-किलार आली, १९५६ मध्ये मायक्रो-निक्कोर. निक्कोरची गोष्ट मजेशीर आहे. तिचा जन्म फुलाकिड्यांसाठी झालाच नाही. जपानी लिपीतली बारीक, दाट चिन्हं मायक्रोफिल्मवर स्वच्छ उतरावीत, यासाठी ती बनली. म्हणजे कागदपत्रं जपण्यासाठी. हे लक्षात ठेवा, शेवटी लागणार आहे. खिशात मावणाऱ्या लेन्सपुढे रेल आणि गुंड्या असलेला भाता कोण वाहून नेणार? ऑलिम्पसने ओएम मालिकेत भात्यासाठी २० आणि ३८ मिमीच्या खास लेन्स काढल्या, ओएम-२ मध्ये १९७५ साली फिल्मवरून परतणारा प्रकाश मोजून फ्लॅश तोडण्याची सोय दिली. हा भात्याचा वैभवाचा काळ. तरीही तो प्रयोगशाळेत आणि हौशी लोकांच्या कपाटातच राहिला.

डिजिटल आल्यावर यातलं एकेक गळत गेलं. बहुतेक डिजिटल कॅमेऱ्यांच्या शटर बटणाला केबलचं भोकच नाही. ओएम-२ ची फ्लॅशची युक्ती सेन्सरवर तशीच्या तशी चालत नाही. भात्याला इलेक्ट्रॉनिक संपर्क नसल्याने कॅमेरा म्हणतो, ‘लेन्स नाही’. मेन्यूत जाऊन लेन्सशिवाय शटर उडवायची परवानगी द्यावी लागते. शिवाय कॅमेऱ्याची जाडजूड पकड जुन्या भात्याच्या रेलवर आपटते. मध्ये एक एक्स्टेन्शन रिंग घातली की सुटका होते.

मग आरसा गेला, आणि पारडं फिरलं. मिररलेस कॅमेऱ्यात लेन्सचा माउंट सेन्सरच्या अगदी जवळ असतो. सोनीचा १८ मिमी, निकॉन झेडचा १६. निकॉनचा जुना एफ माउंट ४६.५. मधली जागा भरायला साधी पोकळ नळी पुरते. म्हणजे कुठल्याही कंपनीचा भाता, मग ती कंपनी आज असो वा नसो, जोडता येतो. आणि अंधाराचं काय? ॲपर्चर मिटवलेलं असलं तरी इलेक्ट्रॉनिक व्ह्यूफाइंडर चित्र उजळून दाखवतो. दुहेरी केबल ज्या अडचणीसाठी जन्मली, ती अडचणच उरली नाही. एक्स्पोजरचा गुणाकारही गेला: फोटो काढा, बघा, दुरुस्त करा. आरशाचा धक्काही नाही.

दोन गोष्टी मात्र जुन्या पुस्तकांत सापडणार नाहीत. एक, धूळ. भाता हा भाताच आहे. ताणला की हवा आत ओढतो, मिटला की बाहेर फेकतो. फिल्मच्या काळात दर फोटोला नवी कोरी फिल्म पुढे यायची. सेन्सर तोच राहतो. म्हणून भाता हळू हलवा. दोन, ॲपर्चर. दुप्पट आकाराला लेन्सवरचं एफ १६ प्रत्यक्षात एफ ४८ होतं. विवर्तनामुळे प्रकाशाचा ठिपका ६० मायक्रॉनच्या पुढे जातो, आणि २४ मेगापिक्सेलच्या फुल-फ्रेम सेन्सरचा पिक्सेल असतो जेमतेम ६ मायक्रॉनचा. सगळं मऊ, कापसासारखं. त्यापेक्षा एफ ५.६ ठेवा, रेलवरची गुंडी थोडी थोडी फिरवत अनेक फोटो घ्या आणि ते सॉफ्टवेअरमध्ये एकत्र करा.

आता ते कागदपत्रांचं. माझ्या मते आज भात्याचं सर्वांत मोलाचं काम किडे टिपणं नाही. घरोघरी डब्यांत पडलेल्या निगेटिव्ह आणि स्लाइड्स, हे आहे. मुंबई-कोकणच्या दमट हवेत त्यांना बुरशी धरते, ॲसिटेटची फिल्म कुजायला लागली की व्हिनेगरसारखा वास येतो. तो वास आला की वेळ थोडा उरलाय असं समजा. भात्याच्या पुढे लावायची स्लाइड कॉपी करण्याची जोडणी पूर्वी मिळायची. तीच आज स्कॅनरचं काम करते, आणि झटपट.

फक्त एक गणित सांभाळा. फुल-फ्रेम कॅमेऱ्यावर ५५ मिमीची मॅक्रो लेन्स नीट चालते. एपीएस-सी सेन्सर लहान, त्यावर पूर्ण स्लाइड मावायला साधारण ०.६५ पट आकार हवा. निकॉनचा पीबी-४ पूर्ण मिटवला तरी ४३ मिमीच्या खाली जात नाही. ५५ च्या लेन्सवर ०.७८ पट येतं. म्हणजे ३६ मिमीपैकी ३० मिमीच दिसणार, आणि लग्नाच्या ग्रुप फोटोत कडेला उभे असलेले काका कापले जाणार. इथे डार्करूमच्या एन्लार्जरची ८० मिमीची लेन्स घ्या. बंद पडलेल्या स्टुडिओंच्या सामानात ती सापडू शकते, आणि ती बनलेलीच असते सपाट निगेटिव्हसाठी. ३९ मिमीच्या आट्याची असेल तर अडॅप्टर सहज मिळतो. भाता सुमारे ८५ मिमी उघडा, निगेटिव्ह लाइट पॅडवर लेन्सपासून वीसेक सेंटिमीटरवर ठेवा. काका परत येतील.

आणि भाता विकत घेण्याआधी अंधाऱ्या खोलीत आत टॉर्च लावून तो पूर्ण ताणून बघा, विशेषतः घड्यांचे कोपरे. तिथे चांदणी चमकली तर किंमत कमी करून मागा. टाचणीएवढं भोक काळ्या रबरी रंगाने बुजतं. पूर्ण घडी फाटली असेल तर तो तिथेच ठेवा आणि दुसरा शोधा.