सूर्यदेवतांची समीकरणे : नाम, कथा आणि वरोऱ्याचा दाखला

परक्यांच्या देवतांना आपल्या देवतांची नावे देण्याची प्रवृत्ती फार जुनी आहे. जर्मानिक जमाती केवळ सूर्य, अग्नी व चंद्र यांनाच देव मानतात, असे सीझरने लिहिले. तसे लिहिताना त्याने ‘सोल’, ‘वल्कन’ व ‘लूना’ ही रोमन नावेच वापरली. एकोणिसाव्या शतकात या प्रवृत्तीस तौलनिक पुराणकथाशास्त्राचे रूप प्राप्त झाले. सूर्य सर्वांनाच दिसतो. त्यामुळे सूर्यदेवतांची जुळणी सर्वांत सोपी, आणि म्हणूनच सर्वांत फसवी. हा प्रश्न केवळ दूरच्या ग्रंथांपुरता नाही. वरोऱ्याच्या परिसरात लोककथा गोळा करणाऱ्या अभ्यासकापुढेही तो उभा राहतो. अशी जुळणी केव्हा ग्राह्य मानावी, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

माक्स म्युलर याने 1856 साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात पुरूरवा म्हणजे सूर्य आणि उर्वशी म्हणजे उषा, असा अर्थ लावला. पुढे या संप्रदायाला जिकडेतिकडे सूर्यच दिसू लागला. 1870 साली डब्लिन येथील एका विडंबन-लेखात तीच पद्धती वापरून स्वतः म्युलर हाच सूर्याचा अवतार असल्याचे ‘सिद्ध’ करण्यात आले! मराठी अभ्यासकांना या वादाचे अगत्य वाटावे असे एक कारण आहे. लोकमान्य टिळकांनी 1903 साली प्रसिद्ध केलेल्या आर्यांच्या मूलस्थानाविषयीच्या इंग्रजी ग्रंथात वैदिक उषःसूक्तांबरोबर बाल्डर, फ्रेयर यांच्या नॉर्स कथांचाही आधार घेतला, आणि त्यांत दीर्घ ध्रुवीय रात्रीची स्मृती पाहिली. त्यांचा निष्कर्ष आज मान्य नाही. परंतु नॉर्स कथा आणि ऋग्वेद एकाच चर्चेत आणण्याचे त्यांचे धाडस उपेक्षणीय नाही.

नॉर्स परंपरेतील सूर्य कोण, या प्रश्नाला त्या काळी ‘बाल्डर’ किंवा ‘फ्रेयर’ असे उत्तर देण्यात येई. स्नोरी याने तेराव्या शतकात रचलेल्या एद्देत मात्र उत्तर स्पष्ट आहे : सूर्य म्हणजे ‘सोल’, आणि ती देवी आहे. ‘मानी’, म्हणजे चंद्र, हा तिचा भाऊ. आर्वाक व अल्स्विद हे दोन अश्व तिचा रथ ओढतात. स्कोल नावाचा लांडगा तिचा पाठलाग करतो आणि अखेरीस तिला गिळतो. परंतु तत्पूर्वी तिने जन्म दिलेली कन्या आईच्या मार्गाने जाऊ लागते. असे असता बाल्डर पुढे का आला? ऋग्वेदातील सूर्य आणि ग्रीक हेलिओस हे पुरुष असल्याने त्यांच्या जोडीला अभ्यासकांना पुरुषच हवा होता. समीकरण अगोदर ठरले आणि पुरावा मागाहून शोधला गेला. या पद्धतीचा मूळ दोष तो हाच.

वास्तविक नामाच्या साक्षीने पाहता संबंध निर्विवाद आहे. संस्कृत ‘स्वर्’ व ‘सूर्य’, ग्रीक ‘हेलिओस’, लॅटिन ‘सोल’, नॉर्स ‘सोल’, लिथुआनियन ‘साउले’ हे सर्व शब्द एकाच धातुमूलापासून, नियमबद्ध ध्वनिपरिवर्तनाने सिद्ध झाले आहेत. त्यांचे लिंग मात्र एक नाही. ‘स्वर्’ नपुंसकलिंगी, ‘सूर्य’ पुल्लिंगी, नॉर्स व लिथुआनियन शब्द स्त्रीलिंगी. सेमिटिक भाषांतही हाच प्रकार आढळतो : एकाच मूळ शब्दापासून आलेला अक्कादी ‘शमश’ हा देव, तर उगारितची ‘शपश’ ही देवी. अर्थात लिंगभेदामुळे संबंध तुटत नाही, आणि लिंगसाम्यामुळे तो जुळतही नाही. जपानची अमातेरासू ही देवी आहे. तेवढ्यावरून ती सोलची भगिनी ठरत नाही.

नामाला कथेची जोड मिळाली की पुरावा बळकट होतो. याचे उत्तम उदाहरण बाल्टिक प्रदेशातील आहे. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील विवाहसूक्तात सूर्यकन्या सूर्या हिच्या विवाहप्रसंगी अश्विन वरपक्षाकडून येतात. अन्यत्र ती त्यांच्याच रथावर आरूढ होते. आणि त्यांना ‘दिवो नपाता’ असे विशेषण लाविले आहे. लाटव्हियन लोकगीतांतही ‘देवाचे पुत्र’ सूर्यकन्येला मागणी घालतात. येथे नाम, नाते आणि क्रिया ही तिन्ही एकत्र जुळतात. एवढे साम्य योगायोगाने यावे, हे संभवनीय नाही.

याउलट केवळ कथेचे साम्य दुर्बल असते. डेन्मार्कमधील ट्रुंडहोम येथे 1902 साली सापडलेला, सुमारे 3400 वर्षांपूर्वीचा कांस्याचा सूर्यरथ पाहून ऋग्वेदातील सात ‘हरित’ अश्व आठवतात, हे खरे. परंतु अश्व आणि चाक ज्याला माहीत, त्याला रथाची कल्पना स्वतंत्रपणेही सुचू शकते. ग्रहणाचेही तसेच. ऋग्वेदाच्या पाचव्या मंडलातील स्वर्भानू सूर्याला अंधाराने विद्ध करतो. पुराणांतील राहू त्याला गिळतो. नॉर्स लांडगा पाठलाग करतो. महाराष्ट्रात ‘दे दान सुटे गिराण’ अशी हाक देत मांग समाजातील लोक ग्रहणकाळी दान मागत. येथे भक्षणाच्या कल्पनेशेजारी दानाने होणारी सुटका, म्हणजे समाजव्यवहारातील देणेघेणे, येऊन बसले आहे. लांडग्याच्या कथेत त्याचा मागमूस नाही. दोन्ही ‘ग्रहणकथा’ म्हणून एका खणात टाकल्या, तर जे विशेष तेच हरवते.

आता वरोऱ्याकडे वळू. चंद्रपूर जिल्ह्यात मराठीच्या शेजारी गोंडी व कोलामी या द्राविड कुळातील भाषा नांदतात. सूर्यासाठी गोंडीत ‘पोर्द’ आणि कोलामीत ‘पोद्द’ हे शब्द आहेत. तेलुगूतील ‘प्रोद्दु’ आणि तमिळमधील ‘पोळुदु’ हे त्यांचेच सगोत्र. या शब्दकुळात ‘सूर्य’ आणि ‘वेळ’ हे दोन्ही अर्थ एकत्र नांदतात. ‘सूर्य’ किंवा ‘सोल’ यांच्याशी त्यांचे काहीही नाते नाही. कथांचा मार्ग मात्र भाषेच्या मार्गाहून वेगळा असतो. चंद्राने आपली मुले लपविली आणि सूर्याने, फसून, स्वतःची मुले खाऊन टाकली, अशी कथा टायलरने 1871 साली मलायातील मिंतिरा लोकांकडून आलेली म्हणून नोंदविली. तेथे सूर्य आणि चंद्र दोघीही स्त्रिया आहेत. छोटा नागपूरच्या हो लोकांतील तिचे जोडरूपही त्याने दिले : फसवणुकीबद्दल सूर्य चंद्राचे दोन तुकडे करतो, आणि तारका या तिच्या मुली. व्हेरिअर एल्विन याने मध्य भारतातील अशा पुराणकथांचा मोठा संग्रह 1949 साली प्रसिद्ध केला. हो ही भाषा मुंडा कुळातील, गोंडी द्राविड, मराठी आर्य. शेजारी राहणारे लोक भाषेची सीमा ओलांडून एकमेकांच्या कथा सांगतात.

अशी एखादी कथा उद्या वरोरा तालुक्यातील कोणी वृद्धेने सांगितली, तर संग्राहकापुढे दोन मोह उभे राहतील. एक, तिला राहूच्या कथेचे ‘अपभ्रष्ट’ रूप म्हणणे. दुसरा, तिच्यात स्कोल लांडग्याचा माग काढणे. दोन्हींत एकच अन्याय आहे. ज्या परंपरेकडे लिखित ग्रंथ नाही, तिला ग्रंथ असलेल्या परंपरेची सावली ठरविले जाते. आणि एकदा टिपणवहीत ‘पोर्द’ऐवजी ‘सूर्यदेव’ असे लिहिले गेले की, वेळेचा अर्थ वाहणारा मूळ शब्द पुढच्या अभ्यासकाच्या हाती कधीच लागत नाही.

म्हणून जुळणीपूर्वी तीन गोष्टी पाहाव्यात. नाम ध्वनिनियमाने सिद्ध होते काय? नाते आणि क्रिया त्याच्याबरोबर जुळतात काय? आणि शेजाऱ्याकडून उसने घेण्याची शक्यता तपासली आहे काय? सूर्या व लाटव्हियन सूर्यकन्या या कसोटीला उतरतात. सूर्य व सोल नामापुरते उतरतात. बाल्डर उतरत नाही. वरोऱ्याच्या ‘पोर्द’ला मात्र प्रथम समीकरणाची नव्हे, तर त्याच्याच भाषेत, सांगणाऱ्याच्याच शब्दांत नोंद होण्याची गरज आहे. तुलना त्यानंतरची.