दुरून भाषा शिकवण्याची वाटचाल

दुरून भाषा शिकवणाऱ्यांपुढे पहिल्यापासून एकच मोठी अडचण होती: शिकणाऱ्याचा उच्चार ऐकायचा कसा आणि सुधारायचा कसा. बर्लिनच्या गुस्ताफ लांगेनशाइट यांनी शार्ल तूसँ या फ्रेंच शिक्षकाच्या साथीने घरबसल्या फ्रेंच शिकवणारी पत्रे तयार केली. प्रकाशक मिळेना, म्हणून १८५६ मध्ये त्यांनी स्वतःचीच प्रकाशनसंस्था काढली. उच्चारासाठी खास खुणा योजल्या होत्या. पण विद्यार्थी त्या वाचून नेमके काय बोलतो, ते शिक्षकाच्या कानी पडत नव्हते.

आवाज मुद्रित करणाऱ्या फोनोग्राफने ही उणीव काही अंशी भरून काढली. अमेरिकेतील स्क्रँटनच्या पत्रद्वारा शिकवणाऱ्या शाळेचा विद्यार्थी मेणाच्या कोऱ्या नळकांड्यावर आपल्या आवाजात धडा मुद्रित करून ते टपालाने पाठवी. तिकडे शिक्षक तो ऐकून चुका कळवी. उत्तर यायला दिवस लागत, तरी शिकणाऱ्याचा आवाज शिक्षकापर्यंत पोहोचू लागला, ही फार मोठी गोष्ट होती. १९४३ मध्ये बीबीसीने रेडिओवरून इंग्रजी शिकवायला सुरुवात केली. श्रोते देशोदेशी पसरले, पण बोलणे पुन्हा एकतर्फी झाले.

इंटरनेटमुळे दोन्ही बाजूंना एकाच वेळी बोलता येऊ लागले. ब्रिटनच्या मुक्त विद्यापीठाने ‘लायसियम’ या प्रणालीवर भाषेचे तास घेतले. तिथे आवाज आणि सामायिक फळा होता, चेहरे मात्र दिसत नसत. कोणी गप्प राहिले की शिक्षकाला कोडे पडे: विद्यार्थी विचार करतो आहे, लाजतो आहे, की त्याचा माइकच बंद आहे? त्याच विद्यापीठाच्या रेगिने हाम्पेल आणि उर्सुला श्टिकलर यांनी २००५ मध्ये ऑनलाइन भाषाशिक्षकाच्या कौशल्यांचा सात पायऱ्यांचा मनोरा मांडला. संगणक हाताळणे ही त्यातली सर्वांत खालची पायरी. माध्यमाच्या मर्यादा ओळखणे, अनोळखी माणसांचा गट जमवणे, त्यांना बोलते करणे या त्यावरच्या पायऱ्या आणि शिखरावर स्वतःची शैली. शिक्षकाच्या तयारीला इतके महत्त्व देणारी ही मांडणी या साऱ्या इतिहासात विशेष मोलाची आहे.

२०२० मध्ये कोरोनाच्या टाळेबंदीत जगभरच्या भाषाशिक्षकांना काही दिवसांतच पडद्यासमोर बसावे लागले. आवाज मागेपुढे पोहोचत असल्याने सर्वांनी एकसुरात म्हणण्याचा जुना सराव जमेना. मग एकेकाचा माइक सुरू करून म्हणवून घेणे, छोटे गट पाडून संवाद करवणे, मुलांकडून आवाज ध्वनिमुद्रित करून मागवणे अशा रीती रूढ झाल्या.